माझा नसलेला उजेड

मित्रांनो, मी एक जुनी, कोरडी पडलेली पेटी आहे. काचेच्या कपाटात मला ठेवले आहे. माझ्या शेजारी एक छोटा दिवा अखंड जळतो आणि येणारे-जाणारे म्हणतात, "बघा, सांडपाण्यापासून वीज!" तो दिवा माझा नाही. कसा नाही, ते सांगते.

मला एका संस्थेतल्या संशोधक बाईंनी घडवले. ॲक्रिलिकचे तुकडे त्यांनी स्वतः कापले, मध्ये पातळ पडदा बसवून माझे दोन कप्पे केले आणि दोन्हींत काळे कार्बनचे कापड टांगले. पहिल्यांदा पाणी भरले, तर मी चारही कोपऱ्यांतून गळले. बाईंनी कपाळाला हात लावला, मला दोन शिव्या घातल्या आणि पुन्हा उकलून चिकटवायला बसल्या.

मग त्या डबा घेऊन शहराच्या सांडपाणी केंद्रावर गेल्या. तिथला पंपवाला हसून म्हणाला, "बाई, लोक इथून नाक दाबून पळतात, आणि तुम्ही डबा भरून नेताय!"

"घरी पाहुणे आलेत," बाई म्हणाल्या. "त्यांना हेच आवडतं."

पाहुणे म्हणजे त्या गाळातले जीवाणू. डोळ्यांना न दिसणारे हे जीव घाण खातात आणि खाता खाता विजेचे कण सोडतात. ते कापडाने टिपायचे आणि तारेतून बाहेर पाठवायचे, हे माझे काम.

पुष्कळ दिवस मीटरचा आकडा हलेना. शेजारच्या खोलीतले लोक वासाने वैतागले. कुणीतरी दारावर 'संडास' अशी पाटी लावली. बाईंनी ती काढली नाही. आणि एका दुपारी आकडा चढू लागला तो चढतच राहिला. बाईंनी फरशीवरच बसकण मारली आणि आईला फोन लावला.

"आई, आली गं! घाणीतून वीज आली!"

"आली ना? मग आता साबण लावून आंघोळ कर आणि चार घास खा."

माझी वीज चिमूटभर. ती साठायची, साठली की माझ्या तारेला जोडलेला छोटा दिवा एकदा लुकलुकायचा आणि विझायचा. पण तेवढा उजेड माझ्या पोटातून आलेला होता.

विभागप्रमुखांना तो पुरेना. "मोठे पाहुणे येणार आहेत," ते बाईंना म्हणाले. "दिव्याने असे डोळे मिचकावून कसं चालेल?"

"सर, तिची ताकद तेवढीच आहे. पण खरी आहे."

"बघू काय करता येतं ते."

काय केले, ते पाहुणे आल्यावर कळले. दिवा झगझगीत जळत होता. बाईंनी वाकून पाहिले, तर टेबलाच्या खालच्या बाजूला बॅटरी चिकटवलेली. त्या सरळ उभ्या राहिल्या. "हा उजेड या पेटीचा नाही," असे सगळ्यांदेखत म्हणाल्या आणि त्यांनी माझी तार उपटली.

दिवा तसाच जळत राहिला.

मग प्रमुख पाहुणे खूश होऊन म्हणाले, "वा! म्हणजे तारेशिवायसुद्धा चालतं!" टाळ्या पडल्या. सरांनीही वाजवल्या. "अहो, खाली बॅटरी आहे," बाई सांगत राहिल्या, पण तोवर मंडळी चहाकडे वळली होती.

बाईंच्या नोकरीची मुदत त्यानंतर वाढवली गेली नाही. निघताना त्यांनी मला मागून घ्यायचा प्रयत्न केला.

"पेटी संस्थेची आहे," सर म्हणाले.

"मग निदान हिला खायला घाला. दर आठवड्याला ताजं सांडपाणी. नाहीतर मरतील ते."

"कोण मरेल?" सरांनी खरोखरच विचारले.

कुणीही काही घातले नाही. काही काळाने माझा वास गेला, तेव्हा सगळ्यांना हायसे वाटले. माझ्यातले अगणित जीव उपाशी संपत होते, हे कुणाच्या गावीही नव्हते. गाळाची खपली झाली, पडदा तडकला. मग मला धुऊनपुसून काचेत बसवले. पाटीवर सरांचे नाव लागले. मला बक्षीस मिळाले, तेही मी मेल्यावर.

बाई एकदा आल्या होत्या. आता कुठल्याशा कारखान्यात पाणी तपासते, असे पहारेकऱ्याला सांगत होत्या. काचेवर हात टेकून त्यांनी माझे वाळलेले कापड पाहिले.

"हिच्यात पाणीच नाहीये हो."

"असं कसं? दिवा तर लागलाय," पहारेकरी म्हणाला.

बाई वाकून दिव्याची तार कुठे जाते ते पाहू लागल्या.

"काचेवरचा हात काढा, डाग पडतात," तो म्हणाला. त्यांनी हात काढला आणि त्या गेल्या.

मित्रांनो, तुमच्याजवळ एखादे जिवंत काम हळूहळू चालत असेल, तर त्याला लागेल ते वेळच्या वेळी द्या. आणि ज्या माणसाला त्याची भूक कळते, त्याला हाकलून देऊ नका. माझ्यासाठी मात्र आता काही आणू नका. माझ्यात खाणारे कुणी उरलेले नाही.