ताईच्या टेबलाचे दोन खण

"माझ्या मशीनवर चालतंय ना!" धाकट्याने सकाळपासून तिसऱ्यांदा हेच ऐकवलं, तेव्हा ताईचा पारा चढला.

"मग तुझं मशीनच पाठव वर्गावर शिकवायला."

ताई कर्णबधिर मुलांच्या शाळेची मुख्याध्यापिका. धाकटा तिचा भाऊ, प्रोग्रामर, आणि फुशारकीत पहिला नंबर. मूल माइकसमोर बोललं की त्याच्या आवाजाची रेघ पडद्यावर उडते, असा प्रोग्राम त्याने शाळेला लिहून दिला होता. अकराला तपासणीच्या बाई येणार होत्या. त्यांनी होकार दिला तरच तो मुलांना मिळणार होता, आणि ताईने साऱ्या शिक्षकांसमोर छातीठोकपणे सांगितलं होतं, माझा भाऊ आहे, चालणारच! आता बोला. शाळेच्या विंडोजवर मुलाने दुसरा शब्द काढला की प्रोग्राम गपकन बंद.

धाकटा ताईच्याच टेबलाशी ठाण मांडून बसला. जागा पुरेना म्हणून त्याने वरचे दोन खण रिकामे केले. डाव्यातले शिक्के आणि उजव्यातली औषधं खिडकीत गेली, खणांत त्याच्या वायरी.

आवाजाचं गणित त्याने असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत लिहिलं होतं. काही गरज नव्हती हो, पण हौस! प्रोसेसरच्या पोटात आकडे क्षणभर ठेवायला मोजके खण असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. एकेक ओळ चालवून पाहिली तर त्याचं गणित अगदी बरोबर. मरत होता तो प्रोग्रामचा पुढचा, बिचारा निरपराध भाग. त्याचे आकडे कुणीतरी उडवत होतं, पण कोण, ते काही कळेना.

तेवढ्यात ताई आली. "माझे शिक्के कुठायत रे?"

"जागा हवी होती, ताई."

"वापर की खण, मी नको म्हणते का? पण वापरून झालं की होतं ते परत ठेवावं माणसाने. लहानपणापासून घसा कोरडा करतेय!"

धाकटा आ वासून बघत राहिला. त्याच्या स्वतःच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स होतं, आणि तिथे आरएसआय आणि आरडीआय हे दोन रजिस्टर बिनधास्त वापरून मोकळं होता येतं. विंडोज म्हणतं, वापरा, पण निघताना आत होतं ते परत ठेवून जा. त्याने कुठलं ठेवायला!

त्याने चार ओळी घातल्या. आधी दोन्ही आकडे एकावर एक रचायचे, शेवटी काढून परत भरायचे. चालवलं, आणि पुन्हा गपकन. आरडीआयचा आकडा वर होता, म्हणजे आधी तोच निघणार, आणि याने भरला तो आरएसआयमध्ये. "गाढवा," तो स्वतःलाच म्हणाला. शेवटच्या दोन ओळी उलटसुलट केल्या आणि प्रोग्राम सुरळीत चालला. अकराला पाच मिनिटं कमी होती. त्याने ताईचं सामान घाईघाईने खणांत भरलं.

बाई आल्या. वर्गात कधी आवाज न काढणारी एक चिमुरडी ताईच्या टेबलावरच्या माइकसमोर "आ" म्हणाली. रेघ उडाली. ती दचकली, हसली, आणि पुन्हा पुन्हा ओरडत सुटली. ताईला रडूच आलं.

बाईंनी होकार लिहिला. "मारा शिक्का."

ताईने डोळे पुसत, न बघताच डाव्या खणात हात घातला आणि ऐटीत कागदावर आपटली ती खोकल्याच्या औषधाची बाटली.

"धाकट्याऽऽ!"

माइक चालूच होता. रेघ पडद्याच्या टोकाला जाऊन भिडली, आणि चिमुरडीने टाळ्या पिटल्या.