मुकादमांचा उंबर

धाकटा लेक जन्मला त्या वर्षी मुकादमांनी धरणाच्या उतारावर उंबर लावला. मातीच्या धरणावर झाड वाढू द्यायचं नाही, हा नियम खरं तर तेच सगळ्यांना शिकवायचे. गवत कापणाऱ्या बायकांनी बोटाएवढं रोप ठेवलं तरी अंगावर धावून जायचे. पण मुकादमांच्या झाडाला हात कोण लावणार?

धाकट्याची बायको खालच्या वीजघरात इंजिनिअर झाली. मुकादम निवृत्त झाले तरी सकाळची फेरी चुकवायचे नाहीत. फेरी झाली की उंबराखाली टेकायचे.

एके दिवशी सूनबाई तिथेच आली.

"आज उंबराचं फूल कसं दिसलं?" मुकादम हसले.

"बाबा, बुंध्याखाली ओल आलीय."

"धरण म्हातारं झालंय गं. म्हाताऱ्याचं नाक गळायचंच."

"गळू दे, पण नितळ गळायला हवं." तिनं पाझराच्या पाण्याचा काचेचा पेला पुढे केला. तळाशी माती बसली होती.

मुकादमांचं हसू मावळलं. नितळ पाझराला ते कधी भ्यायले नव्हते. गढूळ पाझर म्हणजे धरण आतून वाहून चाललंय. खाली वीजघर, त्याच्या पलीकडे वसाहत, आणि वसाहतीत नात.

"मुळं माती धरून ठेवतात," ते म्हणाले, पण त्यांचं त्यांनाच ते पोकळ वाटलं.

"जिवंत असतात तोवर. जुनी कुजली की पाण्याला वाट देतात. तळं उतरवायला घेतलंय, मशिनंही थांबवणार. मग झाड काढायचं, मुळं उकरायची, वाळू-खडी भरायची. तुम्हाला सांगायचं तेवढं राहिलं होतं."

"म्हणजे विचारायला नाही आलीस?"

"नाही."

"शाबास! विचारलं असतंस तर नाही म्हटलं असतं."

घरी कुऱ्हाड मागितली तेव्हा बायको कडाडली, "अहो, लेकाचं झाड ते! मी पाणी घातलंय त्याला!"

"लेक चांगला धडधाकट आहे. झाडानं धरण खाल्लं तर लेकाला ठेवायचं कुठे?"

तळं उतरल्यावर पहिला घाव त्यांनीच घातला. बाकीचं गड्यांनी केलं.

तळं पुन्हा भरलं, मशिनं फिरू लागली. वाळूतून पाणी आलं ते आरशासारखं. मुकादमांनी पेला भरला, उन्हात धरला आणि गटागटा प्यायले.

"अहो बाबा, पिण्याचं नाहीये ते!"

"तुझं काम बघायला डोळे पुरेनात, म्हणून."

मुकादम पुढच्या वर्षी, धडधाकट लेकाच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या झोपेत वारले.