बदली माणूस

परभणीच्या आसपास कुठल्याही कारखान्यात जा, तिथल्या ऑफिसात एक खुर्ची अशी सापडतेच, जिच्यावर बसलं की समोरचा माणूस दिसेनासा होतो. एका तेल कारखान्यात ती खुर्ची हरिओम जोगदंड यांच्या वाट्याला आली. दारावर पाटी लागली, ‘मनुष्यबळ अधिकारी’. साहेबांनी पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. फोटोत नको म्हणून झाडलोट करणाऱ्या कडूबाईला आधी बाजूला व्हायला लावलं!

त्याआधी हे साहेब स्टँडजवळच्या एका एजन्सीत होते. गावोगावची पोरं आणि बाया गोळा करायच्या, टेम्पोत भरायच्या आणि ज्याची मागणी असेल त्याच्या गेटवर उतरवायच्या, हा तिथला धंदा. तिथं माणसाला माणूस म्हणत नसत, ‘नग’ म्हणत. “पिंगळीचे चार नग पाठव” अशी फोनवरची भाषा. नग टिकला नाही की दुसरा पाठवायचा, तो बदली माणूस. असा बदली माणूस चुटकीसरशी उभा करण्यात हरिओमचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच कर्तबगारीवर त्याला ही नोकरी मिळाली. नोकरी बदलली, डोकं मात्र एजन्सीतच राहिलं.

पॅकिंग खात्यात सुकेशनी नावाची बाई होती. पिंगळीची. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या पगारावर. हरिओमनेच तिला एजन्सीतून इथं पाठवलं होतं, अर्थात त्याच्या ते लक्षात असण्याचं कारण नव्हतं. पिशव्या चिकटवण्याच्या मशीनच्या गरम पट्टीवरची जाळी तुटली होती. ती सांगत राहिली, कुणी मनावर घेतलं नाही, आणि एक दिवस तिची बोटं आत सापडून भाजली.

दवाखान्यातून ती घरी पोचते न पोचते तोच साहेबांचा फोन गेला. “आता येऊ नको. तुझ्या जागेवर दुसरं कुणीतरी बघतो.” पुढचा फोन एजन्सीला. काम फत्ते! चहा मागवून साहेब खुर्चीत रेलले.

कारखान्याच्या प्रमुख मंजुषाताई देशमुख दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये आल्या.

“सुकेशनी कशी आहे?”

“काही काळजी करू नका मॅडम. बदली मागवलाय. लाइन बंद पडणार न्हाई.”

“लाइन कशी आहे असं मी विचारलं नाही.”

हरिओम नुसता हसला. कुठं हसावं हेही ज्याला कळत नाही, त्याला काय म्हणावं?

“हरिओम,” त्या शांतपणे म्हणाल्या, “एजन्सीत माणूस गेटवर सोडला की तुमचं काम संपायचं. इथं तो गेटच्या आत आला की तुमचं काम सुरू होतं. त्याला काय होतंय, तो का जातोय, तुटलेली जाळी कुणी बसवली नाही, हे विचारायला तुम्हाला ठेवलंय. नाहीतर आम्हाला एजन्सीचा फोन नंबर पुरला असता.”

“बरोबर हाय मॅडम,” हरिओम म्हणाला. आणि मनात म्हणाला, ‘बाईमाणूस, हळवी असायचीच.’ अशा माणसाची कीवसुद्धा येत नाही!

दोनेक दिवसांनी एजन्सीचा टेम्पो आला. पाचसहा बाया ओळीने उभ्या राहिल्या. मंजुषाताई दाराशी थांबल्या होत्या. साहेबांनी मोबाइलवरची नजर न उचलता विचारपूस सुरू केली. शेवटच्या बाईची पाळी आली.

“आधी कुठं काम केलंय?”

“हितंच.”

“का सोडलं?”

“म्या न्हाई सोडलं, साहेब. तुमीच फोन केला, येऊ नको म्हणून.”

हरिओमने मान वर केली. हाताला पट्टी बांधलेली सुकेशनी समोर उभी होती!

“घरात चूल पेटंना, म्हणून एजन्सीत गेले,” ती म्हणाली. “त्यायनी नाव इचारलं न्हाई, हाताकडं बघितलं न्हाई. बस म्हणले टेम्पोत. गेट दिसलं तवा कळलं. माझ्या जागेवर मलाच पाठवलंय जणू.”

ओळीतल्या बाया हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर हरिओमला सोपं गेलं असतं. न बघता भरा आणि पाठवा, हे एजन्सीतल्या पोरांना त्यानेच शिकवलं होतं. या बाईला त्याने स्वतः इथं पाठवलं होतं, स्वतः काढलं होतं, आणि आज पहिल्यांदा तिचा चेहरा पाहिला होता. त्याला स्वतःची शिसारी आली. बरं झालं! ही शिसारी यायलाच हवी होती.

तो खुर्चीवरून उठला. “बाई, चुकलं माझं. तुमची नोकरी गेलेली न्हाई. हात बरा होईस्तोवर घरी ऱ्हावा, पगार चालू राहील.” त्याने मंजुषाताईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

“चुकलं ऱ्हाऊ द्या,” सुकेशनी म्हणाली. “ती जाळी बसवा आधी. ह्या बायांना आज तिथंच बसवायलाव ना तुमी?”

हरिओमने ताबडतोब मशीन बंद करायला लावली आणि जाळी बसेपर्यंत तो तिथून हलला नाही.

वाचकहो, नोकऱ्या देणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. माणसाचं नाव न विचारता त्याला कामाला लावणारा फक्त मोठ्या खुर्चीवरच असतो असं नाही. आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईचं नाव आपल्याला माहीत आहे का? नसेल, तर हरिओमला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.