अख्खी रेपॉझिटरी उचलून आणणारी

मित्रांनो, मी एक जुनी नक्कलवाली आहे. हात लावून बघायला जाल तर हाताला काही लागणार नाही, कारण मी संगणकात राहते. आर्णीला बी-बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत वैष्णवी नावाच्या मुलीनं मला घडवलं. शिकवलं एकच काम. पण ते मी असं करते की खोट काढणाऱ्यानं आधी तोंड धुऊन यावं.

काम ऐका. संगणकानं काय करायचं ते त्याला लिहून द्यावं लागतं, त्याला कोड म्हणतात. एका कामाचा सगळा कोड, कोणी कधी काय बदललं त्या हकिकतीसकट, इंटरनेटवर एका जागी ठेवलेला असतो. ती रेपॉझिटरी. आता एजंट नावाचे एआय आलेत. त्यांना काम सांगितलं की ते स्वतःच कोड वाचतात आणि दुरुस्त करतात. त्यांनी मला हाक मारली की मी जाते आणि ती रेपॉझिटरी आपल्या संगणकात आणून ठेवते. अख्खी. एक फाइल कमी नाही. मग एजंटानं निवांत बसून पाहिजे तो कोपरा बघावा. मला त्यातलं अक्षर समजत नाही. आणणं माझं, वाचणं त्याचं.

सुरुवातीला माझं फार कौतुक होतं. यवतमाळच्या कॉलेजातली मुलं मला बघायला यायची. वैष्णवीचा चुलतभाऊ बबलू तिच्यासोबत काम करतो, तोच सगळ्यांना दाखवायचा. पुढे हाच बबलू माझ्यावर उलटला. नवे हुशार एजंट आले आणि त्याला माझं ओझं वाटायला लागलं.

"ताई, या म्हातारीनं सारी डिस्क भरून टाकली. एजंटले आता सगळं तोंडपाठ असते. कायले पोसून राह्यली तू इले?"

"राहू दे ना. तुयं काय खाते?"

"जागा खाते."

शेवटी त्यानं मला बंद केलं. पुसायचं तेवढं बाकी ठेवलं.

त्याच सुमारास जवळच्या तांड्याचं काम आलं. तिथे नळाचं पाणी घरांच्या एकेका ओळीला सुटतं. आज कोणत्या ओळीची पाळी, याचा मेसेज एक प्रोग्रॅम पाठवतो. तांड्यातल्याच उत्तमसिंगनं तो लिहिला आणि नोकरीसाठी तो पुण्याला गेला. आता घरांची एक नवी ओळ वाढली होती, ती प्रोग्रॅममध्ये घालायची होती. एजंटानं इंटरनेटवर त्या कोडचं एकच पान उघडलं आणि म्हणाला, "बाकीच्या फाइली पाहिल्या नाहीत, पण बहुधा रोज एक ओळ असावी."

बबलूनं मान डोलावली आणि एजंटानं प्रोग्रॅम तसा बदलला. पण आठवडी बाजाराच्या दिवशी नळ बंद असतो. सारा तांडा बाजारात, पाणी सोडणारे डोंगरसिंगही बाजारात. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, म्हणून एजंटाला सांगावं असं कोणाला सुचलंच नाही.

बाजाराच्या सकाळी तांड्यातल्या मैनाबाईला मेसेज गेला की आज तुमच्या ओळीची पाळी. परवावर तिच्या मुलीची सगाई आलेली. नवी ओळ वाढली म्हणून आता बाजाराच्या दिवशीही पाणी सोडत असतील, असं तिला वाटलं. सगाईचा बाजार सोडून ती ड्रम मांडून बसली. नळ कोरडाच. मग तिचा फोन आला.

"बबलू, परवा पावने येऊन राह्यले. हात धुवाले तुया मेसेज देऊ काय त्याइले?"

"काकू, चुकलं. दुरुस्त करतो."

"दुरुस्ती तू ठेव. मले पाणी दे."

डोंगरसिंगांना सांगून भागलं नसतं. मेसेजबाहेर पाणी सोडलं की बाकीच्या ओळी भांडायला उठतात. बबलूनं एजंटाला बाजाराचं सांगितलं. एजंटानं प्रोग्रॅममध्ये बाजाराच्या दिवशी नळ बंद ठेवला आणि वर म्हणाला, "हुकलेली ओळ बहुधा पुढच्या फेरीत जाईल." म्हणजे पाहुणे जेवून परत गेल्यावर मैनाबाईला पाणी.

वैष्णवीनं ते वाचलं आणि बबलूच्या हातातला माउस काढून घेतला.

"आणखी किती बहुधा रे? चालू कर तिले."

"ताई, डिस्कवर जागा नाही."

"मंग तुये पिक्चर पुस."

पिक्चर गेले, मी आले. मी इंटरनेटवर गेले, आणि उत्तमसिंगची रेपॉझिटरी अख्खी उचलून आणली. एजंटानं एकेक फाइल उघडली. एका कोपऱ्यातल्या फाइलीत लिहिलेलं होतं: बाजारानं हुकलेली ओळ दुसऱ्या सकाळी सगळ्यात आधी, मग त्या दिवसाची. आता त्याला अंदाज बांधायचं कारणच उरलं नाही. संध्याकाळी सगळ्यांना नवा मेसेज गेला. सकाळी डोंगरसिंगांनी चावी फिरवली आणि मैनाबाईचे ड्रम काठोकाठ भरले. कोणी भांडायला उठलं नाही.

बबलू म्हणाला, "बरं, राहू दे इले. पण कामात नसलेल्या नकला तरी काढून टाक."

त्या खुशाल काढा. मी कचऱ्यासाठी भांडत नाही. मूळ कोड बदलला की घरातली नक्कल शिळी होते, तेव्हा मला पुन्हा धाडा, इतकी काळजी माझी घ्या. मी दमत नाही. पण मित्रांनो, म्हातारी झाली, जागा अडवते, असं म्हणून मला हाकलायला याल तर मी हात जोडणार नाही. पुसा. फक्त त्यानंतर कोणाचं पाणी अंदाजानं चुकलं, तर येणारा फोन तुम्हीच उचला.