सात नंबरचं ठाणं

आठ वीस

शिकारीच्या ठाण्यावर आवाज करायचा नाही. खोकला आला तर बाहीत जिरवायचा. सात नंबरवर हालवारचे वडील चव्वेचाळीस हिवाळे बसले, आणि त्यांना शिंकताना कुणी ऐकलं नाही. म्हणून सकाळी हालवारने गळ्यातल्या पिशवीतला पंप लोकरीच्या दोन मोज्यांत कोंबला होता. पंपाला एक खोड होती. काही अडलं की तो बोंबलायचा, आणि मूस हरणाचे कान फार लांबचं टिपतात.

औषधाची दाट पेस्ट पोटाच्या भोकातून, नळीने, थेट आतड्यात. दिवसभर, थोडी थोडी. गोळ्यांवर होता तेव्हा हालवार तासभर दगड आणि तासभर वाऱ्यातलं पान असायचा. पंप लागला तशी पार्किन्सनने जरा पकड सैल केली. तो स्वतःचे बूट स्वतः बांधू लागला.

तरी ऑगस्टच्या बैठकीत शिकारप्रमुख बेरितने अकरा जणांसमोर ऐकवलंच, "पंपाने ठाण्यावर एकदा जरी दगा दिला, हालवार, तर ठाणं सोडायचं. मग रडारड नको."

"माझा पंप तुझ्या गाडीपेक्षा बरा चालतो."

सगळे हसले. बेरित सोडून.

आठ पंचावन्न

डाव्या पायाची बोटं बुटात आत वळली.

हे वळणं त्याने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं, पण ओळखलं. मग पिंढरी. मग जबडा.

पट्टा! काडतुसांचा पट्टा सकाळी गारठ्यामुळे एक भोक जास्त आवळला होता. खाली लोंबणारा नळीचा वेढा त्याखाली चेपला गेला असणार. आणि पंप मोज्यांत तोंड दाबून केव्हाचा ओरडत असणार.

लांबवर सिप्पा भुंकू लागली. एकाच जागी, न थांबता. म्हणजे कुत्रीने हरीण अडवलं होतं.

आधी पट्टा सोडायचा. पट्टा सोडायला

नऊ दोन

दोन हात लागतात, आणि दोन्ही हातांत रायफल होती, कारण मूसची मादी झाडीतून मोकळ्यावर आली होती.

रायफल खांद्याला लागली. सुरक्षेचा खटका सरकला. हातांनी हे आजाराच्या आधीच पाठ केलेलं होतं. मादी चार पावलं चालली आणि एका झाडाआड थांबली.

हालवारही थांबला.

कोपर थांबलं. मान थांबली. बोट चापावर होतं, ते तिथेच थांबलं. खाली ये, त्याने रायफलला सांगितलं. रायफल आली नाही.

नऊ चार

मोकळ्याच्या पलीकडे नारिंगी टोपी.

तूरे. कुत्री सांभाळणारा. सिप्पाच्या मागे मागे, वाकून, थेट रायफलच्या तोंडासमोर येत होता. सात नंबरवर हालवार आहे, आणि हालवार पाहिल्याशिवाय बार काढत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

चापावरचं बोट थरथरू लागलं.

इतके दिवस पंपाने थोपवलेली थरथर आता नेमकी त्या एका बोटात आली. एक थरथर. अजून एक. चाप जरासा

वॉकीटॉकी डाव्या खांद्यावर होती. बटण हनुवटीने दाबता येत होतं. दाबलं की अकरा जणांच्या कानांत जाणार. दाबलं की ठाणं गेलं.

टोपी चाळीस पावलांवर.

मान पाव इंच वळली.

"सात..."

"कोण कुजबुजतंय?" बेरित कडाडली. "ठाण्यावर तोंड बंद!"

"सात. मी. आखडलोय. बोट... चापावर. तूरे समोर."

बेरितचा आवाज आला, अगदी सपाट. "तूरे, आहेस तिथे आडवा हो. आत्ता."

नारिंगी टोपी बर्फात दिसेनाशी झाली. मादी चमकली आणि हालवारच्या उजव्या अंगाने, तिची वाफ दिसेल इतक्या जवळून, निघून गेली. सिप्पा तिच्या मागे.

बोट अजून

नऊ नऊ

थरथरत होतं, जेव्हा बेरित मागून आली. तिने आधी खटका लावला, मग एकेक बोट सोडवलं, जसं झोपलेल्या बाळाच्या मुठीतून केस सोडवतात. रायफल झाडाला टेकवली. पट्टा सोडला. मोजे काढले.

पंप किंचाळला.

"मोज्यांत?" ती म्हणाली. "मोज्यांत घातलास? गाढवा!"

"आवाज... करायचा नसतो."

तिने वळलेली नळी सरळ केली, पंप परत चालू केला, त्याने डोळ्यांनी दाखवलेलं जादा औषधाचं बटण दाबलं. आता वाट बघण्याशिवाय काम नव्हतं. ती त्याच्या शेजारी ओंडक्यावर बसली.

तूरे आला. छातीपासून गुडघ्यांपर्यंत बर्फ.

"म्हाताऱ्या, माझ्या पोरीचा शनिवारी वाढदिवस आहे."

"ठाऊक आहे."

"मग?"

"म्हणून तर बोललो," हालवार म्हणाला. शब्द आता थोडे सुटे येत होते.

तूरेने टोपी काढली, झटकली, परत घातली. "हळू बोलतोस लेका. पुढच्या वेळी ओरड."

"पुढची वेळ नाही," हालवार म्हणाला, बेरितने तोंड उघडायच्या आत.



नऊ छत्तीस

बोटं परत आली तेव्हा त्याने रायफल मांडीवर घेतली. एक एक काडतूस बाहेर काढलं. एक निसटून बर्फात पडलं. तूरे वाकणार होता, बेरितने त्याची बाही धरली. हालवारने ते स्वतः शोधलं. मग बोल्ट ओढला, ज्याच्याशिवाय रायफल नुसती काठी. दोनदा घसरला, तिसऱ्यांदा निघाला.

तो त्याने बेरितच्या हातात दिला, आणि उठायला तिचा खांदा धरला.