एक बार, एक हात

आमच्या मायच्या तोंडाला आख्खं गाव वचकून असतं. सुंदरबाई ओट्यावर उभी राहिली की समोरच्या गल्लीतली भांडणं आपोआप मिटतात, कारण तिच्यापुढे आपलं भांडण फिकं पडणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. आणि त्या तोंडाखाली चाळीस वर्षं निवांत बसलेला माणूस म्हणजे माझे वडील, झुलाल आबा. माय बोलायची, आबा ऐकायचे, आणि दोघांचंही अन्न त्यावर पचायचं.

आमचं शेत चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. डोंगरातून रानडुकरं उतरतात आणि मक्यात शिरली की उभं पीक झोपवून जातात. म्हणून आजोबांच्या वेळेपासून घरात पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. तिचं सगळं जुन्या पद्धतीचं. नळीत वरून दारू ओतायची, कापडात गुंडाळलेली गोळी सोडायची, ती लोखंडी गजाने दाबत थेट दारूवर नेऊन ठासायची, मागे ठिणगी पाडणारी टोपी चढवायची. अशी बंदूक उडाली की माणसाला लाथ मारते. आबांच्या उजव्या खांद्यावर त्या लाथांची एक काळी खूण कायमची होती. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच बापाला ती असते.

आजोबांनी एक नियम घालून दिला होता, एक बार, एक हात. म्हणजे एका बाराची सुरुवात ज्याने केली, त्यानेच तो शेवटपर्यंत ठासायचा. एकाने ठासलेल्या नळीत दुसऱ्याने गज घालायचा नाही, बघण्यासाठीसुद्धा नाही. कुण्या घरी म्हणे बापाने दारू भरून ठेवली आणि मुलाने न कळून तिच्यावर पुन्हा भरली, त्यात दोघेही गेले. आमच्या घरात हा नियम देवाच्या व्रतासारखा पाळला जायचा. तो मोडल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि आबांना त्याचा फार अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी आबा मोटारसायकलवरून पडले आणि त्यांचा उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, या खांद्याला आता हिसका नको. आबांनी मान डोलावली आणि मका कणसावर आला तसे पुन्हा बंदूक घेऊन निघाले. मी धुळ्याहून, देवपूरच्या माझ्या घरातून, फोनवर पुष्कळ भांडले. गाढवापुढे वाचली गीता.

मग मायने ते मनावर घेतलं. तिने गोधडीच्या चिंध्यांची जाड गादी करून खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याला शिवली. जड बंदूक कमी लाथ मारते असं कुणी सांगितलं, तर दस्त्याला शिशाची पट्टी बांधायला लावली. तरी बार काढून आले की आबा खांदा धरून ओट्यावर बसायचे आणि जेवताना घास डाव्या हाताने घ्यायचे. मायला ते बघवायचं नाही. न बघवलं की ती आणखी शिव्या द्यायची.

गज मारायला जोर लागतो, आणि तो आबांच्या हातात राहिला नव्हता. म्हणून एके दिवशी ते माझ्या नावाने मायला हाक मारून म्हणाले, "दिपमालानी माय, आते तूच ठासत जाय. मी मधमा हात लावणार नही."

मायने चाळीस वर्षं ते काम पाहिलं होतं. दारू किती, चिंधी कोणती, टोपी कुठे, सगळं तिला पाठ होतं. गोळी दारूवर घट्ट बसलीच पाहिजे, हे मात्र आबांनी सांगितलं नाही. त्यांच्या हाताला ते इतकं सवयीचं होतं की सांगायची गोष्ट आहे असं त्यांना वाटलंच नाही. पोळी लाटताना पोळपाट खाली ठेव, असं आपण कुणाला सांगतो का?

मायने स्वतःचं डोकं चालवलं. तिचं डोकं उखळ-मुसळाच्या जवळचं. "जितलं जोरमा कुटा, तितलं उडस," असा तिचा हिशोब. मग दारू चिमूटभर कमी आणि गज हलका. पहिल्या दिवशी आबा शेतातून आले आणि म्हणाले, "आज तं लागनंच नही." माय लाजली म्हणे. हे मला तिनेच फोनवर सांगितलं, आणि ती लाजली यावर माझा विश्वास बसला नाही. पण आवाज फार खूश होता. त्यानंतर ती रोज आणखी हलकं ठासू लागली. नळीत जळक्या दारूची काजळी साचत होती, गोळी मध्येच अडायची. माय म्हणायची, अडली तर अडली, तेवढा धक्का कमी.

नियम होता म्हणून आबांनी कधी गज घालून पाहिलं नाही.

माघातल्या एका सकाळी, उन्हं नुकतीच मक्यावर आली असताना, बंदूक आबांच्या हातात फुटली. नळीखाली धरलेला डावा पंजा गेला. डावा डोळा गेला. शेजारच्या शेतातल्या मगनने त्यांना पिकअपमध्ये घालून चोपड्याच्या दवाखान्यात आणलं आणि तिथून धुळ्याला हलवलं. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा माय बाहेरच्या बाकावर बसली होती, तिच्या लुगड्यावर रक्त वाळलं होतं आणि ती एक शब्द बोलत नव्हती. मला आबांच्या जखमेपेक्षा त्याची जास्त भीती वाटली.

पोलीस जबाब घ्यायला आले. परवाना आबांच्या नावावर, तेव्हा बंदूक दुसऱ्या कुणी भरली हे कळलं असतं तर मायवर बालंट आलं असतं. आबांनी पट्ट्यांमधून सांगितलं, "मीच ठासी." जुनी नळी होती, फुटली. पोलिसांनी लिहून घेतलं आणि ते गेले.

मायने ते दारातून ऐकलं होतं. ती आत आली.

"मी तं हलकीच ठासी व्हती. तुम्हीन वरतीन गज मारा, नही का?" म्हणजे यांनी वरून पुन्हा गज मारला म्हणून फुटली, असं तिचं म्हणणं.

आबांनी एका डोळ्याने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हां. मारा."

मायचा चेहरा मी पाहत होते. तो आधी कोसळला आणि मग हळूहळू पूर्वीसारखा झाला. तिचं तोंड परत आलं. "जलमभर सांगं, एक बार एक हात. आनि सोताच मोडा नियम!" तिथून जो पट्टा सुरू झाला तो नर्सने येऊन थांबवला.

ती डबा आणायला गेली तेव्हा आबांनी मला खरं सांगितलं. गोळी दारूवर बसलेली नसली, मध्ये पोकळी राहिली, की दारूचा जोर अडतो आणि नळी फाडतो. त्यांनी हात लावलेलाच नव्हता. "सांगू नको तिले," ते म्हणाले. "तिनी मन्हासाठेच करं ना ते."

मला आबांचा राग आला. कुणी कुणासाठी इतकं खोटं ओढवून घ्यावं? पण मी कबूल झाले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मूठ तरी कुठे शिल्लक होती.

घरी गेल्यावर माय आबांना भरवू लागली. उजवा हात वर जात नव्हता, डावा उरला नव्हता. प्रत्येक घासाबरोबर एक बोल. आल्या-गेल्याला ती तेच सांगायची, की मी नीट ठासली होती, यांनी ऐकलं नाही, बापाचा शब्द मोडला आणि देवाने शिक्षा दिली. गावातली म्हातारी माणसं आबांकडे बघून चुकचुकायची. ज्या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता, तिच्यावरून त्यांना रोज चार माणसांत ऐकून घ्यावं लागत होतं. आबा पुढचा घास घ्यायला तोंड उघडायचे. मी तिथे असले की उठून बाहेर जायचे. मला ते सोसत नव्हतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले. खापरावरचे मांडे झाले, झोका बांधला, पण घरात सणाचा रंग नव्हता. दुपारी मगनची बायको धुरपदाबाई आली. त्यांच्या केळीत डुकरांनी धुमाकूळ घातला होता, आणि मगनकडेही ठासणीचीच बंदूक.

"आक्का, यासना खांदा कायानिया व्हई जास," ती मायला म्हणाली. "तुम्ही ठासेत तवय आबाले लागेच ना म्हने. कसं करेत?"

मायला विचारलं गेल्याचा आनंद झाला. ती पुढे सरकून बसली. "दारू थोडी कमी टाक. आनि गज हलकासा सोड, ठोकू नको. गोयी अडकनी का ऱ्हाऊ दे तठेच. बठ्ठा धक्का ठोकामुयेच लागस. आनि नवराले हात लावू देऊ नको, नही तं आमनासारखं व्हई."

माझ्या हातातला मांडा हातातच राहिला. आबा खाटेवर होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी माझ्याकडे. बोलायला मीच तोंड उघडत होते, पण त्यांनी मान हलवली. हे त्यांचं त्यांनाच करायचं होतं.

"धुरपदाबाई," आबा म्हणाले, "तशी ठासू नका. गोयी दारूवर घट्ट बसाले पाहिजे. मधमा पोकय ऱ्हायनी तं बंदूक फुटस."

"तुम्ही बोलू नका," माय म्हणाली. "ज्यानी सोतानी बंदूक सोता फोडी, त्यानी दुसराले शिकाडू नही."

"मी गज मारा नही," आबा म्हणाले. "मी हात लावाच नही. तू ठासी तशीच ती व्हती. गोयी अर्ध्यामा व्हती, म्हनीसन फुटनी."

धुरपदाबाईने पदर तोंडाला लावला. मायने माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी वेगळं सांगेन म्हणून. मी खाली पाहिलं. धुरपदाबाई उठून निघून गेली, आणि निदान मगनचा हात तरी शाबूत राहणार होता.

माय आबांकडे वळून म्हणाली, "मंग इतला दिन मन्हं बोलनं आयकी का लिधं?"

"तुले बोलानी सवय शे," आबा म्हणाले. "माले आयकानी."

माय उठली. तिने ताट वाढलं, आबांसमोर बसली आणि त्यांना भरवलं. मांडा, आमरस, पुन्हा मांडा. एकही शब्द न बोलता.

मी धुळ्याला परत आले. पंधरवड्याने फोन केला तर आबा एकटेच बोलले. मायबद्दल विचारलं तर म्हणाले, शे, आतमा शे. मग आवाज खाली करून म्हणाले, "परवा मी मुद्दाम भाकर थुकी दिधी. खारी शे म्हनं. खारी नव्हती."

"मग?"

"तिनी दुसरी करी दिधी. काहीच म्हनस नही पोरी. जे सांगू ते करस."