आबांचे शेअर आणि अक्कांचे डोळे

आमचे सासरे, आबा, जळगावच्या मालधक्क्यावर तीस वर्षं कापसाच्या गाठी मोजून रिटायर झाले. त्यामुळे बाजारातलं आपल्याला सगळं कळतं, असा त्यांचा समज. फंडाची रक्कम आली तशी त्यांनी लीलाधर शेठ नावाच्या दलालाकरवी मुंबईच्या एका गिरणीचे शेअर घेतले. म्हातारपणी बसून खायचं आणि अक्कांचे, म्हणजे सासूबाईंचे, मोतीबिंदू झालेले दोन्ही डोळे धुळ्याच्या डॉक्टरांकडून करून घ्यायचे, असा बेत होता.

सत्तावन्न साली भाव उतरायला लागला. मुंबईचं वर्तमानपत्र आमच्याकडे दुसऱ्या दिवशी येई, म्हणजे नुकसानसुद्धा शिळं मिळे. यजमान म्हणाले, अर्धे तरी विकून टाका. आबा हसले. पडत्या भावात माल काढतो तो खानदेशी कसला? कापूस घरात दाबून ठेवायचा आणि अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, विकायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यांनी शेअरचे कागद जुन्या धोतरात गुंडाळून कोठीत ठेवले, वर कडुनिंबाचा पाला पसरला. कसर लागून भाव पडला, असं कोणी म्हणायला नको.

अखाजी आली. गिरणीला ती कोणी कळवली नसावी. भाव आणखी खाली गेला, आणि आबांनी पुढच्या अखाजीची तारीख दिली.

डोळ्यांची ऑपरेशनं हिवाळ्यात करत. थंडी पडली तसं डॉक्टरांनी कळवलं, मोतीबिंदू पुरता पिकलाय, आता थांबू नका. भाव मात्र कच्चाच होता. चार महिन्यांनी काय बिघडतं, घर तर तुला पाठ आहे, असं आबांनी अक्कांना समजावलं. साक्रीकडचं माहेर असलेल्या अक्का एवढंच म्हणाल्या, "कापूस थांबस. डोया थांबत नही."

माघातल्या एका सकाळी आठ महिन्यांच्या लेकीला गोधडीवर ठेवून, अक्कांना लक्ष द्यायला सांगून, मी दुपटी वाळत घालायला अंगणात गेले. परतले तर अक्का पाळण्याला झोका देत गात होत्या. पाळण्यात होती ती दुपट्यांची गुंडाळी. लेक रांगत चुलीशी पोचली होती. निखारा हातभर लांब असताना आबांनी तिला उचललं. अक्कांना ते बोलले नाहीत, गाणंही थांबवलं नाही. पोर माझ्याकडे दिली, कोठी उघडली आणि कागदांवरचा पाला झटकला.

ही विकायची वेळ नव्हे, असं लीलाधर शेठनी बजावलं. आबा म्हणाले, "ठाऊक आहे." बाजाराबद्दल उभ्या जन्मात ते बोललेलं हे एकच शहाणं वाक्य.

मूळ रकमेचा तिसरा हिस्सा हाती आला. घरखर्चाला बाजूला काढल्यावर एकाच डोळ्यापुरतं उरलं. धुळ्याला डॉक्टरांनी विचारलं, कुठला करायचा? एरवी मुंबईच्या बाजाराला सल्ले देणारे आबा पायातल्या जोड्यांकडे बघत राहिले.

अक्कांनी पदर सारखा केला आणि डावीकडे बसलेल्या आबांकडे मान केली. "उजवा करा, डाक्टरसाहेब. डाव्या अंगाले त्या बसतस. त्यास्ले आनखी कितलं देखू?"

आबांनी आपली खुर्ची उचलली आणि उजवीकडे आणून ठेवली.